विहिरीला वळसा

"बाजूनं घ्या. हितं विहीर हाय."

ट्रॅकच्या मधोमध, जिथे सपाट मुरमाशिवाय काहीही नव्हते, तिथे आले की काका हँडल डावीकडे वळवत, मोठा अर्धगोल घेत आणि पुन्हा आपल्या रेषेवर येत. मागून येणाऱ्याला ते हे वाक्य ऐकवत. मागे कोणी नसले तरी ऐकवत. तुम्ही पाहिले असते तर तुम्हीही माझ्यासारखेच हसला असता.

"काका, सरळ गेलात तर अंतर कमी पडेल," मी एकदा म्हणाले.

"तुमच्या पुस्तकातल्या रेघंत विहीर नसंल, ताई."

हडपसरच्या पुढे, आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींना चिकटून काकांच्या जमिनीचा एक तुकडा उरला होता. त्यावर आम्ही शनिवार-रविवारी संगणकवाल्यांना एटीव्ही चालवायला देत असू. फुगीर चार चाके, दुचाकीसारखे हँडल आणि खड्डा दिसला की त्यातच शिरण्याचा हट्ट, असे ते वाहन. जमीन काकांची, गाड्या कंपनीच्या आणि त्या चालत्या ठेवण्याची जबाबदारी माझी. यंत्र अभियांत्रिकीची पदवी ताजी होती. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘देखभाल विभागप्रमुख’ असे लिहिता यावे, म्हणून मी ही नोकरी धरली होती. विभागात माझ्याशिवाय कोणी नव्हते, हे अर्जात लिहिण्याचे काही कारण नव्हते.

जमीन भाड्याने देताना काकांनी एकच अट घातली होती: रोज सकाळी एका गाडीवरून शेताला फेरी मारू द्यायची. त्यांनी लाल गाडी निवडली आणि तिचे नाव ‘तांबडी’ ठेवले. तिच्यावर बसून ते जुन्या बांधांवरून जात, वाहनतळाकडे बोट दाखवून "हितं ऊस," आणि उपाहारगृहाकडे दाखवून "हितं कांदा," असे स्वतःशीच म्हणत. शनिवार-रविवारी गटाला रस्ता दाखवायलाही तेच तांबडीवरून पुढे असत. पलीकडच्या इमारतीचा पहारेकरी कुंपणापलीकडून त्यांची रोज खोड काढी.

"काय मालक, यंदा काय पेरलंय?"

"डांबर. पीक जोरात हाय."

त्यांचा दुसरा स्वभावविशेष म्हणजे गळणारे पाणी त्यांना पाहवत नसे. नळ आवळणे, पाइपला सायकलची ट्यूब गुंडाळणे, टाकीच्या जोडाला एम-सील मळून लावणे ही कामे ते कोणी न सांगता करीत. "गळतं ते बुजवावं," हे त्यांचे ब्रीद होते. विहिरीवरच्या पंपाच्या फटीत ग्रीस लावलेली दोरी ठासून गळती थांबवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याचे तत्त्वज्ञान याहून वेगळे कसे असणार?

एका सकाळी तांबडीच्या टाकीतले, इंजिन थंड ठेवणारे पाणी कमी झालेले दिसले. जमिनीवर मात्र थेंबही नव्हता. मी इंजिनचे तेल तपासले, तर ते दूध जास्त झालेल्या चहासारखे दिसत होते. आडवी होऊन खालून पाहिले, तेव्हा पाण्याच्या पंपाच्या बुडाशी असलेले बारीक भोक राखाडी एम-सीलने लिंपलेले आढळले.

"काका, हे कोणी केलं?"

"म्या. टिपकत व्हती बिचारी. तुमच्या मागं आधीच कामं लई. आता बघा, थेंब बी न्हाई."

ते कौतुकाची वाट पाहत उभे होते. मी त्यांना व्याख्यान दिले.

"अहो काका, त्या भोकाचं कामच गळणं आहे. पंपात एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तेल आणि मध्ये रिकामी जागा ठेवलेली असते. पाण्याकडचं सील झिजलं की पाणी त्या भोकातून बाहेर टिपकतं आणि आपल्याला कळतं. तुम्ही बाहेरची वाटच बंद केलीत. पाणी त्यामुळे थांबत नाही. ते आत जातं."

एकही वावगा शब्द न वापरता समोरच्याला लहान करण्याची जी कला आम्हा पुणेकरांना उपजत असते, ती माझ्या आवाजात पुरेपूर उतरली होती.

"आत गेलं?"

"आत. तेलात. इंजिन वाचलं तर वाचलं."

काका उलट्या क्रेटवर बसले. ते गाडीकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर कुंपणापलीकडच्या इमारतीवर होती. मला वाटले, खर्चाची भीती वाटते आहे. "कंपनी बघेल ते," असे म्हणून मी पाने-पक्कड शोधायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची फेरी थांबली. मी निळी गाडी पुढे केली, तर त्यांनी हात मागे बांधून घेतले. "नको. माझा हात वाईट हाय." ते बांधावरून पायीही जाईनात. मात्र रोज काहीतरी घेऊन येत. कधी उकडलेल्या शेंगा, कधी धपाटी. एकदा त्यांनी उघड्या इंजिनावर जास्वंदीचे फूल वाहिले.

"काका, सील बदलायचंय. फुलाने काम होणार नाही."

"तिच्यासाठी न्हाई. माझ्यासाठी हाय."

नवे सील आले, त्या दिवशी नट ठेवायची परात धरून ते शेजारी बसले. मी पंपाचे झाकण काढले. जुने सील निघत नव्हते. माझी ओढाताण चाललेली असताना ते आपणहून बोलू लागले.

"बुजवायला माझा हात पहिल्यापासनंच वाईट, ताई. हितं इमारती आल्या आन् विहीर बुजवली, तवा बी आसंच केलं. आई म्हनली, आधी तिची ओटी भरू, मग माती टाका. आम्हा भावंडांच्या बारशाला तिनं त्याच विहिरीची पूजा केलेली. ती खण-नारळ आणाया गेली. हितं मशीनवाला खोळंबलेला, घाई कराया लागला. म्या म्हनलं, टाक."

"मग?"

"ती ताट घिऊन आली तवा निम्मी भरली व्हती. तिनं मातीवरच ओटी ठिवली. बोलली काय न्हाई. त्यावर मरंस्तोवर बोलली न्हाई."

मी सील उपटले. बाहेर, इमारतीच्या तळघरातून आलेल्या पाइपमधून गटारात पाणी पडत होते. तिथले तळघर बारमाही पाझरते आणि पंप अखंड चालू ठेवावा लागतो, हे आम्हा सर्वांनाच ठाऊक होते. काकांनी मानेनेच तिकडे खूण केली.

"आत गेलं," ते म्हणाले.

माझे बिनचूक वाक्य कुठे जाऊन लागले होते, ते मला तेव्हा कळले. मी घाईघाईने भूजलाची पातळी, खडकाचे थर, खोल पाया असे सांगू लागले. विहीर बुजवली नसती तरी ते तळघर पाझरलेच असते, हेही सांगितले. शास्त्रदृष्ट्या त्यात चूक नव्हती.

"आसंल," काका म्हणाले. "पन ओटीचं काय?"

मी भूजल तिथेच सोडले आणि नवे सील हातात घेतले.

नवे सील बसवले, पांढुरके तेल काढून पुन्हा पुन्हा नवे घातले, तारेने भोक मोकळे केले. तांबडी सुरू झाली. "बसा," मी म्हणाले. काका मागे सरले. क्षमा मागावी असे मनात होते, परंतु मला सुचली ती तांत्रिक युक्ती.

"काका, हे भोक रोज बघावं लागेल. थेंब आला तर भोक बुजवायचं नाही, मला सांगायचं. आणि इंजिन तापल्याशिवाय थेंब येत नाही. म्हणजे कोणीतरी आधी फेरी मारायला हवी."

त्यांनी वाकून एकदा भोक पाहिले, एकदा मला. युक्ती त्यांना कळली असावी. मग ते बसले. मधोमध आल्यावर वळसा घेतला, परत आले, गाडीखाली वाकले.

"ताई, कोरडं."

पुढे रोज सकाळी मला एवढा एक शब्द ऐकू येई. थंडीत ते आजारी पडले आणि एका सकाळी तो शब्द आला नाही. गावातल्या स्मशानात मीही गेले होते.

त्यानंतरच्या शनिवारी गट मोठा होता. रस्ता दाखवायला पुढे कोणी नव्हते, म्हणून मी तांबडीवर बसले. कंपनीने नवा मुरूम टाकून ट्रॅक सरळ आखून घेतला होता. मधोमध आल्यावर मी हँडल डावीकडे वळवले. माझ्यामागे सगळी रांग आज्ञाधारकपणे वळली.

"मॅडम," मागून एकजण ओरडला, "रस्ता तर सरळ आहे! इथे काय आहे?"

"विहीर आहे," मी म्हणाले. "बाजूने घ्या."