गावाला टॅक्सी पुरेशा आहेत

आमच्या सिटी कौन्सिलने टॅक्सी-लायसन्सच्या समितीवर माझी नेमणूक केली, तेव्हा महापौरबाई भाषणात म्हणाल्या की या आजींना समाजाची तळमळ आहे. सूनबाईने त्याचा व्हिडिओ काढून महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि दिवसभर अभिनंदनं येत राहिली. मी विनयाने मान खाली घालून बसले होते. तळमळ मला होतीच, पण समाजाची नव्हे. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता.

आमचं गाव ह्यूस्टनच्या बाहेर, शुगर लँडच्याही पलीकडे. इथे टॅक्सी चालवायची तर दोन लायसन्स लागतात, एक ड्रायव्हरचं आणि एक गाडीचं. ड्रायव्हरची पोलीसचौकशी होते, डोळे तपासतात. गाडीचे ब्रेक, मीटर, एसी तपासतात. इथवर शहाणपणाचं आहे. पण त्यानंतर एक सुनावणी असते आणि तिथे अर्जदाराने सिद्ध करायचं असतं की गावाला आणखी एका टॅक्सीची गरज आहे. ज्याच्या टॅक्सी आधीपासून धावताहेत तो येऊन हरकत घेऊ शकतो. म्हणजे नवं मिठाईचं दुकान उघडू द्यायचं का, हे समोरच्या हलवायाला विचारायचं.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी त्या सुनावणीला उभी राहिले होते. तेलाचे भाव कोसळले होते आणि यांच्या कंपनीने यांना घरी बसवलं होतं. माझ्याकडे जहाजाएवढी एक जुनी स्टेशन वॅगन होती. आसपासच्या आपल्या बायका तेव्हा गाडी चालवत नसत. कुणाला डॉक्टरकडे ने, कुणाला वाणसामानाला ने, हे मी फुकटात करतच होते. म्हटलं, टॅक्सीच काढू.

त्या काळातल्या मला तुम्ही बघायला हवं होतं. अर्ज स्वच्छ भरलेला, गाडी धुतलेली, आणि डोकं मात्र घरी ठेवलेलं. सुनावणी नेमकी दिवाळीच्या आठवड्यात आली. आता दिवाळीत कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मी रेशमी साडी नेसले, नथ घातली (हो, नथ! टॅक्सीच्या लायसन्सला!) आणि बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेले. सभा सुरू व्हायच्या आधी व्यासपीठावरच्या प्रत्येक सभासदापुढे कागदी रुमालावर एकेक लाडू ठेवून आले. वर ‘हॅपी दिवाळी, सर’ असंही म्हणाले. एका सभासदाने तर तोंडात टाकलासुद्धा.

तेवढ्यात हरकत घ्यायला एक माणूस उठला. मोठी हॅट, चकचकीत बूट, वयाने माझ्याहून थोडा लहानच असेल. गावातल्या टॅक्सी त्याच्या. नाव सांगायचं नाही म्हणून त्याला आपण हॅटवाला म्हणू. तो म्हणाला, ‘गावाला टॅक्सी पुरेशा आहेत. आणि मतदानाआधी सभासदांना खाऊ वाटणाऱ्या बाईबद्दल मी आणखी काय बोलू?’

शहराचे वकील ताडकन उभे राहिले. लाडू उचलायला लावले. ज्याने खाल्ला होता त्या बिचाऱ्याला गिळताही येईना आणि थुंकताही येईना. शेवटी त्याला मतदानातून बाजूला व्हावं लागलं. माझ्या बाजूचा तेवढा एकच होता म्हणे.

मग हॅटवाल्याने दुसरा प्रश्न टाकला. ‘अंधार पडल्यावर एकटा पुरुष प्रवासी आला तर या बाई त्याला गाडीत घेतील का?’

उत्तर सोपं होतं. ‘घेईन’ म्हणायचं आणि खाली बसायचं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘मिस्टरांना विचारून सांगते.’

सगळा हॉल हसला. आणि मीही हसले! का, तर सगळे हसत होते म्हणून. पाच मिनिटांत अर्ज फेटाळला गेला. ज्यांनी फेटाळला त्या प्रत्येकाला मी ‘थँक यू, सर’ म्हणाले, हॅटवाल्यालाही. दाराशी त्याने माझ्या हातातल्या डब्यातून एक लाडू उचलला, चावला आणि म्हणाला, ‘कुकीज छान झाल्यात, मॅम.’

त्या नथवाल्या बाईची आज गाठ पडली तर मी तिला खांदे धरून गदागदा हलवीन. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘बरं झालं, तुला झेपलं नसतं.’ त्यानंतर महिनाभर यांच्या आमटीत मीठ काही बरोबर पडलं नाही. यांचा हिशेब तिथे मिटला. हॅटवाल्याचा राहिला.

पुढे मी पाळणाघरात नोकरी केली, मुलं वाढवली, हे गेले, नातवंडं झाली. त्याच्या हिरव्या टॅक्सी वाढत गेल्या. एखादी सिग्नलला शेजारी आली की मी काच वर असताना तिला दोन शब्द ऐकवून घेत असे. मुलांना वाटायचं आई स्तोत्र म्हणतेय.

मग माझे डोळे अधू झाले आणि मुलाने गाडीची किल्ली काढून घेतली. इथे शहर म्हाताऱ्यांना टॅक्सीची कुपनं देतं, ती फक्त लायसन्सवाल्या टॅक्सीत चालतात. म्हणजे हॅटवाल्याच्या. चाळीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच गाडीत बसायची वेळ आली. तेही गिळलं. पण एकदा ऑगस्टच्या उन्हात डोळ्यांची औषधं घेऊन दुकानाबाहेर उभी होते. टॅक्सीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, ‘फार जवळ आहे हो, एवढ्यासाठी गाडी पाठवत नाही आम्ही.’ आमच्याकडचा ऑगस्ट म्हणजे भाताच्या कुकरमध्ये उभं राहणं. एका अनोळखी बाईने शेवटी घरी सोडलं. त्याच संध्याकाळी मी सूनबाईला म्हटलं, ‘त्या समितीवर जागा रिकामी आहे म्हणतात. माझा अर्ज भर.’

‘आई, सोशल वर्क म्हणून ना?’

‘सूड म्हणून.’

‘तसं लिहू?’

‘सोशल वर्क लिही.’

नेमणूक झाल्यावर शहराच्या वकीलबाईंनी आम्हा नव्या सभासदांना नियम समजावले. अर्जदार नात्यातला असेल, धंद्यातला भागीदार असेल, त्याच्याकडून काही मिळणार असेल, तर आधी सांगून बाजूला व्हायचं. मी हात वर केला. ‘आणि जुनं वैर असेल तर?’

त्यांना गंमत वाटली. ‘वैर कायद्यात बसत नाही, मॅम. फक्त प्रश्न अर्जाला धरून विचारा.’

म्हणजे माझं वैर कायद्याच्या दृष्टीने निर्मळ होतं. मग मी वाट बघत बसले. मीटरचे दर, टपावरच्या दिव्याचा रंग, टायरची झीज, असल्या विषयांवर शहाण्यासारखी मान डोलावत राहिले. आणि एका बैठकीला तो दिवस उगवला.

अर्ज एका बाईचा होता. बरीच वर्षं शाळेची बस चालवलेली, धिप्पाड, पोरं मोठी झालेली. तिने एक व्हॅन घेतली होती, व्हीलचेअर वर चढवायची सोय असलेली. बँकेने गाडीसाठी तिचं घर तारण ठेवून घेतलं होतं. लायसन्स नाही मिळालं तर व्हॅनही जाणार आणि घरही डळमळणार. हे सांगताना ती हातातली किल्ली सारखी उलटसुलट करत होती.

सभेआधी कॉफीच्या टेबलाशी हॅटवाला माझ्या शेजारीच उभा होता. आता थकला होता, कानात यंत्र होतं, हॅट तेवढी तीच. त्याने मला साखर पुढे केली आणि म्हणाला, ‘गावात नवीन का, मॅम? आवडलं का आमचं गाव?’

ओळखलंच नाही! चाळीस वर्षं मी त्याला डोक्यात जपून ठेवला आणि मेल्याला मी आठवतसुद्धा नव्हते. मला त्या लाडवापेक्षा याचा राग जास्त आला.

सुनावणी सुरू झाली. आम्ही पाच जण. अध्यक्ष आणि शेजारचे घरं विकणारे गृहस्थ हॅटवाल्याच्या बाजूचे, कारण मुलांच्या बेसबॉल टीमचे शर्ट दरवर्षी तोच देतो. एक तरुण नर्स अर्जदारबाईच्या बाजूने. शाळेच्या बँडचे मास्तर कुंपणावर. आणि मी.

हॅटवाला उठला. ‘गावाला टॅक्सी पुरेशा आहेत,’ तो म्हणाला. शब्द न् शब्द तोच. माणसाने चाळीस वर्षांत एखादं नवं वाक्य तरी शिकावं. मग म्हणाला, ‘आणि या बाई अंधारात एकट्या पुरुष प्रवाशाला नेतील का?’

बाईने किल्ली टेबलावर ठेवली. ‘मी आठवीच्या मुलांची बस चालवलीय,’ ती म्हणाली. ‘त्यानंतर पुरुष म्हणजे काहीच नाही.’

हॉल हसला, पण तिच्या बाजूने. मला तिचा हेवा वाटला. एवढं सोपं होतं होय ते!

बँडमास्तर मात्र अजून हनुवटी खाजवत होते. त्यांनी सुस्कारा टाकला. ‘पण खरंच गरज आहे का आणखी टॅक्सीची?’

मी माइक ओढला. आवाजात होता नव्हता तेवढा गूळ घातला. ‘सर, तुमच्याकडे आत्ता मोकळ्या गाड्या आहेत?’

‘भरपूर, मॅम. उभ्याच असतात.’

‘कुणालाही, कुठूनही मिळतात?’

‘गावात कुठूनही.’

‘मग मी आत्ता बोलावू?’

मी पर्समधून फोन काढला. अध्यक्ष ‘मॅम, हे जरा...’ म्हणेपर्यंत नंबर लागलासुद्धा. मी फोन स्पीकरवर टाकून माइकपुढे धरला. हॅटवाल्याच्या ऑफिसमधली बाई बोलू लागली. मी सिटी हॉलचा पत्ता दिला, जायचं कुठे विचारल्यावर वाचनालय म्हणाले. हातात काठी आहे, मला फार चालवत नाही, असंही सांगितलं. काठी नव्हती. पण म्हातारीकडे असू शकते.

‘सिटी हॉल ते लायब्ररी?’ पलीकडची बाई हसली. ‘छे हो, एवढ्याशासाठी नाही पाठवत आम्ही. साहेबांचीच ऑर्डर आहे. एखाद्या शेजाऱ्याला विचारा ना.’

हॅटवाल्याचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. मी ‘थँक यू, डिअर’ म्हणून फोन ठेवला आणि वकीलबाईंकडे वळले. ‘लायसन्सवाल्या टॅक्सीला जवळचं भाडं नाकारता येतं का हो?’

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ओठ घट्ट मिटून हसू दाबत होत्या.

बँडमास्तरांनी खाजवणं थांबवलं. मतदान झालं, तीन विरुद्ध दोन. शिवाय पुढच्या बैठकीत हॅटवाल्याला त्या ऑर्डरबद्दल खुलासा करायला बोलवायचं ठरलं. ते मी सुचवलं होतं. एवढ्यावर सोडायला मी काय संत आहे?

बस चालवणारी बाई रडत रडत सगळ्यांचे हात हातात घेत होती. मला म्हणाली, ‘तुम्ही माझ्यासाठी केवढं केलंत!’ मी तिला तसं समजू दिलं.

बाहेर सूनबाई गाडी घेऊन उभी होती. मी दार उघडणार तोच मागून बुटांचा आवाज आला. हॅटवाला. धापा टाकत होता.

‘मॅम, आपली आधी कुठे भेट झालीय का? मी तुमचं कधी काही वाईट केलंय का?’

चाळीस वर्षांपासून या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. आंघोळ करताना, कणीक मळताना म्हणून म्हणून पाठ झालेलं. त्यात लाडू होते, मिस्टर होते, पाळणाघर होतं, शेवटी एक जोरदार वाक्य होतं. आणि मला त्या नथवाल्या तरुण बाईची आठवण आली. तिने हे सगळं सांगितलं असतं, अगदी पहिल्यापासून, मधे रडली असती आणि शेवटी त्याला ‘थँक यू, सर’ही म्हणाली असती.

मी त्याच्याकडे नीट बघितलं. ‘माफ करा,’ मी म्हणाले, ‘आपण कोण?’

आणि गाडीत बसले.

सूनबाई रागावली. ‘आई, एवढी वर्षं थांबलात आणि सांगितलंच नाही? त्याला कळायला नको?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘कळलं तर सॉरी म्हणून मोकळा होईल. घरी जाऊन झोपेल.’

‘तुम्ही ना, डेंजर आहात.’

‘चल, एसी वाढव.’

आता दर बैठकीला तो पहिल्या रांगेत येऊन बसतो. खुलासा झाला, ताकीद मिळाली, जवळच्या भाड्याला त्याच्या गाड्या निमूट येतात. काम काही नसलं तरी येतो. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहतो, कुठे पाहिलंय, कुठे पाहिलंय. मधेच मी त्याच्याकडे बघून ओळखीचं हसते. थोडंसंच.