नंतरचं माप

गल्लीत तिला सगळे टेपवालीच म्हणत. मोजायची फीत गळ्यात नाही, अशी तिला कुणी कधी पाहिली नव्हती. जिन्याखालची एवढीशी खोली, खिडकीशी शिलाई मशीन, कोपऱ्यात उभा आरसा आणि त्यापुढं एक जाड पडदा. त्या पडद्यामागं बाया माप द्यायला उभ्या राहत आणि अंगाबरोबर मनही मोकळं करून जात. टेपवाली ऐकून घेई. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, हा त्या धंद्यातला मोठा गुण.

तिचा नियम एकच. अंग समोर उभं असल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. "ऐकीव माप आणि ऐकीव स्थळ, दोन्ही अंगाशी येतात," असं ती म्हणे.

एका दुपारी तिची भाची निळं रेशमी कापड घेऊन आली. आई गेल्यापासून ही पोर मावशीच्या मशीनखालीच चिंध्या वेचत वाढली होती. आता एका शोरूममध्ये नोकरीला होती.

"मावशी, झगा शिव. पण माप आत्ताचं नको, नंतरचं घे."

"नंतरचं? पोटुशी-बिटुशी आहेस की काय गं?"

"चल, काहीतरीच! ऑपरेशन करून घेतेय." पोरीनं आवाज खाली आणला. "छातीचं. सिलिकॉनच्या पिशव्या बसवतात. दोन साइज वाढेल म्हणालेत. त्या मापाचा शिव."

मावशीनं हातातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या.

"कुणी बोललं का तुला?"

"कुणी कशाला बोलायला हवं? आरसा बोलतो की रोज. पाटी दिसते नुसती, कोरी."

"आणि धोके? ते सांगितले?"

"चार दिवस दुखतं म्हणाले, मग कामावर. मावशी, तुला काय कळतं गं त्यातलं?"

ते वाक्य सुईसारखं आत गेलं.

कारण टेपवालीला कळत होतं. तरुणपणी, परक्या शहरात, सख्ख्या बहिणीलाही न सांगता तिनं तेच करून घेतलं होतं. खोटं कशाला बोला, पहिली बरीच वर्षं सुखाची गेली. ती ताठ चालली, आरशाशी तिची मैत्री झाली. मग डावी बाजू घट्ट व्हायला लागली. आत बाहेरची वस्तू आली की शरीर तिच्याभोवती एक पापुद्रा विणतं. तिच्या डावीकडचा पापुद्रा आवळत गेला, मूठ आवळावी तसा. छाती वर ओढली गेली, कडक झाली.

दुसरी कुणी असती तर डॉक्टरकडं गेली असती. ही पडली शिवणारी. हिनं टीप उसवली, चुण्या सरकवल्या, उजवीकडं अस्तराखाली कापसाचा पातळ थर घातला. दुखणं अंगात होतं आणि दुरुस्ती कापडात चालली होती. हात असा सफाईचा की गल्लीतल्या एकाही बाईला संशय आला नाही. पुढं पुढं तिला स्वतःलाही आरशात काही दिसेनासं झालं. कला नडते ती अशी.

आता बोलावं तर झाकली मूठ उघडी पडणार. न बोलावं तर पोर डोळे मिटून त्याच टेबलावर जाऊन निजणार.

तिनं खुंटीवरचा आपला तपकिरी झगा काढला, उलटा केला आणि भाचीच्या मांडीवर टाकला. "बघ. तुला शिवण मीच शिकवलीय ना?"

पोरीनं बोट फिरवलं. उजवीकडं एकच टीप, सरळ. डावीकडं जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगाच रांगा, शेतात पुन्हा पुन्हा नांगर फिरवावा तशा.

"ही शिवण कितीदा सरकवलीस? आणि डावीचीच का?" बोलता बोलता ती थांबली. वर बघितलं. "मावशी... तू?"

"हात लाव."

पोरीनं तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"दुखतं?"

"कूस बदलताना."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"हातात कात्री असताना डॉक्टर कशाला?" मावशी म्हणाली. दोघींनाही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीनं तिला हाताला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डावी पिशवी आत फाटलीय, कधीची ते कळायला मार्ग नाही. काही वेळा बाहेर काहीच दिसत नाही. पिशव्या आणि पापुद्रा काढावे लागतील. पापुद्र्याचा तुकडा तपासायलाही पाठवू, कारण क्वचित त्यात कर्करोग निघतो.

"सगळ्यांचं असंच होतं?" भाचीनं विचारलं.

"नाही. पुष्कळजणींचं नीट राहतं. पण या पिशव्या जन्माला पुरत नाहीत, पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. कुणाच्या स्पर्शाची जाणीव जाते, कुणाला पुढं बाळाला पाजताना अडचण येते, कुणाला जंतू लागतात. यातलं कुणाच्या वाट्याला काय येईल, ते आधी सांगता येत नाही."

परत आल्यावर पोरीनं निळं कापड घडी घालून दुकानातल्या फळीवर ठेवलं.

मावशीचं ऑपरेशन झालं. पापुद्र्यात वाईट काही निघालं नाही. जखमा भरल्यावर ती पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा निळं कापड फळीवर तसंच घडीत होतं.

"तुझं काय ठरलं गं?"

"ठरलं नाही अजून. तारीख तेवढी रद्द केलीय. मला अजून खूप विचारायचंय डॉक्टरांना." भाचीनं तिच्या गळ्यातली फीत काढून घेतली. "आधी तुझं माप दे. तो तपकिरी झगा आता काही कामाचा नाही."

टेपवाली पडद्यामागं आरशासमोर उभी राहिली. छाती सपाट, दोन्हीकडं ताजे लाल व्रण, डावीकडं जरा खोलगट. कितीतरी वर्षांनी ती स्वतःकडं टक लावून बघत होती. फीत अंगाभोवती आली, थंड आणि हलकी.

"डावीकडं कापूस भरू का थोडा?" भाचीनं हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आहे तेवढंच धर."