बाथरूमचा उतार

ड्रॉइंग मास्तरांना पाठीमागे सगळे ‘ओळंबा’ म्हणत. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय पाण्याचा पेला हातात घेत नसत. अशा माणसाच्या बाथरूमचा उतार उलटा निघावा, हा दैवाचा चावटपणाच! कंत्राटदाराने जुन्या फरश्या काढून चकचकीत टाइल्स बसवल्या, आणि पहिल्याच आंघोळीला पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराबाहेर, थेट बैठकीच्या खोलीत आलं.

कंत्राटदार म्हणाला, "इमारत जुनी, जमीन खचली."

मास्तर म्हणाले, "तुझी अक्कल खचली."

झालं! दोघे कोर्टात.

मास्तरांच्या वकिलाने बजावलं, "पाहणी होईपर्यंत एक टाइल हलवायची नाही. पुरावा आहे तो." तेव्हापासून त्या घरात माणसं अंग चोरून आणि पुरावा ऐसपैस राहू लागला. तारीख पडे, पुढे जाई. मुलाचं लग्न झालं, रांगती नात चालायला लागली, तरी मास्तरीणबाई प्रत्येकाच्या आंघोळीनंतर वायपर घेऊन दाराशी हजर. एकदा घसरून उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून डाव्या हाताने पाणी ओढत.

"तुमचा न्याय येईपर्यंत माझी कंबर राहील ना हो जागेवर?"

"आता थोडंच राहिलंय," मास्तर म्हणत. हे वाक्य आता त्यांनाही शिळं लागे.

शेवटी पाहणीचा दिवस उजाडला. कोर्टाने नेमलेल्या वकीलबाई आल्या. मागोमाग गुडघे धरत, जिना चढत कंत्राटदार. तोही पिकला होता.

"ओता बादली," वकीलबाई म्हणाल्या.

मास्तरांनी ओतली. पाणी दाराकडे वळलं मात्र, मास्तरीणबाईंनी एका झटक्यात ते वायपरने जाळीत ढकललं!

"अगं, काय करतेस!"

"हात गेला हो," त्या ओशाळल्या. "पाणी दिसलं की जातोच."

दुसरी बादली. पुन्हा हात गेला. कंत्राटदार तोंड फिरवून हसला. "मास्तर, तुमचा साक्षीदार फुटला!"

तिसऱ्या वेळी मास्तरीणबाईंनी वायपर सुनेकडे दिला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून भिंतीकडे तोंड केलं. पाणी उंबरा ओलांडून, वकीलबाईंच्या चपला भिजवून बैठकीच्या खोलीत गेलं. बाईंनी मोजमाप घेतलं, लिहिलं नि त्या गेल्या. कंत्राटदार जिना उतरायचा धीर गोळा करत थांबला होता.

मास्तरांनी ताठ मानेने वकिलाला फोन लावला. तिकडून आवाज आला, "उत्तम! आता समोरचा पक्ष अहवालावर हरकत घेईल. निकालापर्यंत मात्र काही हलवू नका हं."

फोन ठेवून मास्तर वळले. बायको अजून भिंतीकडे तोंड करूनच उभी होती. पदरातले हात चुळबुळत होते.

मास्तर स्टुलावर बसले. "बास झालं," ते म्हणाले. "उद्या गवंडी बोलवू."

"गवंडी कशाला?" त्या न वळताच म्हणाल्या. "हा उभाय ना मेला. लावा ह्यालाच कामाला."

"वहिनी, केस चालू आहे," कंत्राटदार पुटपुटला. "माझा वकील ओरडेल."

"माझाही," मास्तर म्हणाले.

कंत्राटदाराने चौकटीला टेकून टाचेने एक टाइल ठोकून पाहिली.

"सगळी उखडावी लागेल," तो म्हणाला. "दारापासून."

"उखड."