साडेतीनचा कॉल

लोक मला सीमेवरच्या गोष्टी विचारतात. सैन्याच्या सिग्नल्समध्ये सव्वीस वर्षं काढून सुभेदार म्हणून बाहेर पडलो, तेव्हा सांगण्यासारखं बरंच आहे. पण ज्या पोस्टिंगबद्दल मी भारतात परतल्यापासून घराबाहेर तोंड उघडलं नाही, ती वर्दी उतरवल्यानंतरची, ओमानमधली आहे.

जूनमध्ये माझी बदली कंपनीच्या मस्कतमधल्या, अझैबाच्या ऑफिसातून साइटवर झाली. मस्कतपासून तीन तासांवर, डोंगर फोडून रस्ता काढायचं काम चालू होतं. कंट्रोल रूम माझ्याकडे आली. कंट्रोल रूम म्हणजे एक पोर्टा केबिन, बेस रेडिओ, भिंतीवर नकाशा आणि एक जाड रजिस्टर. नियम साधा होता. कॅम्पच्या गेटबाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीला दर अर्ध्या तासाने कॉल द्यायचा, ती कुठे आहे आणि कशी आहे ते विचारायचं आणि वेळ टाकून रजिस्टरमध्ये लिहायचं. लागोपाठ दोन कॉल चुकले की शोधपथक निघणार. अशी कामं मी झोपेतही केली असती. सकाळी साडेपाचला पहिली गाडी सुटे, संध्याकाळी सहाला शेवटची परत येई.

कॅम्पसमोर वादी होती. वादी म्हणजे कोरडी नदी, दोनशे पावलं रुंद, पांढऱ्या गोट्यांनी भरलेली. मला ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत, माणसाच्या दुप्पट उंचीवर, वाळलेलं गवत आणि फाटकी पोती अडकलेली होती. ती पाण्याने तिथे नेऊन ठेवली होती. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना आता ती दिसेनाशी झाली होती. महिन्याभरात मलाही दिसेनाशी झाली.

सुरुंगाचं काम कॉलिनकडे होतं. ऑस्ट्रेलियन सैन्याच्या इंजिनियर्समधला निवृत्त वॉरंट ऑफिसर, वय एकसष्ट. आमचं जमलं याचं कारण एवढंच की पाचची मीटिंग असली की आम्ही दोघं पाचला पाच कमी असताना हजर असायचो आणि बाकीचे इन्शाल्ला म्हणत येत. तो मला सुभेदार म्हणे, मी त्याला कॉलिनसाहेब. स्फोटाच्या वेळी त्याच्या रेषेच्या आत पाखरू फिरकत नसे. इतका शिस्तीचा माणूस एकाच बाबतीत पार वेडा होता, त्याच्या फुटबॉल क्लबच्या.

त्यांचं फुटबॉल वेगळं. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण मिळतो. नेम चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो आणि तसं त्याला तोंडावर सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पाच वर्षांचा असताना बापाने त्याला खांद्यावर बसवून पहिली मॅच दाखवली होती. बाप गोदीत कामाला होता. सगळी गल्ली त्याच क्लबची, त्यामुळे निवड करायचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर छप्पन्न वर्षं, जिथे असेल तिथून, त्याने मॅच पाहिली नाहीतर ऐकली. तीन चुकल्या होत्या. दोन लढाईत आणि एक मुलगी जन्मली त्या दिवशी, तीही त्याने नंतर दोनदा पाहिली. आणि हा क्लब जिंकत असता तर ठीक होतं. शेवटचा कप त्यांनी घेतला तेव्हा कॉलिन रांगत होता. क्लबचं नाव मी लिहीत नाही. इतकं सातत्याने हरणाऱ्यांची अब्रू आणखी कशाला काढायची?

त्यांच्याकडे संध्याकाळी मॅच असली की आमच्याकडे ती शनिवारी दुपारी येई. अडचण सिग्नलची होती. कॅम्प डोंगरांच्या वाटीत, तिथे मोबाइल मुका. कॅम्पचं सॅटेलाइट इंटरनेट ऑफिसच्या कामापुरतं. वादी मात्र खालच्या गावाकडे सरळ उघडत होती आणि गावात टॉवर होता. वादीच्या मधोमध गोट्यांचा एक उंचवटा होता, त्यावर समर नावाचं, बाभळीसारखं एक काटेरी झाड. तिथे बरोबर दोन रेषा सिग्नल येई. कॉलिन पिकअप त्या झाडाखाली लावायचा, काचा वर, एसी चालू, फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, गळ्यात बापाचा हिरवा-पांढरा लोकरी मफलर. बाहेर सेहेचाळीस डिग्री. त्या जागेला त्याने ‘स्टँड’, म्हणजे मैदानावरची प्रेक्षकांची गॅलरी, असं नाव दिलं आणि रेडिओवरही तेच रूढ झालं. त्याच्या पिकअपचं रेडिओवरचं नाव सिएरा वन.

“सिएरा वन, कंट्रोल. लोकेशन? ओव्हर.”

“कंट्रोल, सिएरा वन. स्टँड. ऑल ओके. ओव्हर.”

जुलैमधल्या एका शनिवारी मी नियमाप्रमाणे साडेतीनचा कॉल दिला आणि नेमका त्याच क्षणी त्यांच्या गड्याने समोरून किक मारली ती खांबाला लागली. क्लब एका गुणाने हरला. कॉलिन परत आला तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. म्हणाला, सुभेदार, तुझ्या कॉलने हरलो आम्ही. मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने विनंती केली. हुकूम देऊ शकला असता, त्याचा दर्जा वरचा होता, पण विनंती केली. शेवटच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या चौथ्या भागात, कॉल नको. मॅच संपली की तोच रेडिओवर येईल.

मी हो म्हटलं. आम्ही फौजी लोक तसे श्रद्धाळू. आमच्या पलटणीत एक जण गस्तीला निघताना डावा बूट आधी घालू देत नसे आणि त्याची कोणी थट्टा करत नसे. पण रजिस्टरमध्ये साडेतीनची ओळ कोरी कशी ठेवायची? मी तिथे ओके लिहू लागलो. चार शनिवार असंच चाललं. पावणेचारच्या सुमाराला रेडिओ बोले, “कंट्रोल, सिएरा वन. गेम खलास.” आवाजावरूनच निकाल कळायचा. ते ऐकायला मीही थांबू लागलो होतो, हेही कबूल करतो.

पाचव्या शनिवारी जिंकले तर त्यांना बाद फेरीत जागा मिळणार होती, कित्येक वर्षांनी. कॉलिनने सकाळी नाश्ता केला नाही. मॅच सव्वा एकला सुरू होणार होती. तो बाराला गेटबाहेर पडला.

त्या दिवशी वारा पडला होता. केबिनबाहेरचं झेंड्याचं कापड जराही हललं नाही. आमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ, पण वरच्या डोंगरांमागे ढग दुपारपासून चढत होते, बुडाशी काळे. अडीचच्या कॉलला कॉलिन चौदा गुणांनी मागे होता. पावणेतीनला सलीमभाई आत आले. सलीमभाई श्रीवर्धनचे, पाण्याचा टँकर चालवायचे, ओमानमध्ये तीस वर्षं काढलेली. गावातल्या एका म्हाताऱ्याच्या, रोज वादीत चरणाऱ्या बकऱ्या आज दुपारीच काठावर चढल्या होत्या आणि म्हातारा आणखी वर हाकत होता. सलीमभाई दारातून वादीकडे बघत राहिले.

“सुभेदार, मना काय बरा वाटत नाय.”

तीनला मी कॉल दिला. कॉलिन म्हणाला, नऊ गुणांनी मागे आहोत, ऑल ओके. मी बकऱ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, माझ्यापुढचं आभाळ निळं आहे. आणि पुढे म्हणाला, “आज होणार, सुभेदार. माझा बाप वरून बघतोय.”

तीन वीसला वरच्या डोंगरांत गेलेल्या सर्व्हे टीमचा कॉल आला. तिथे धो धो पाऊस होता, ओढे वाहू लागले होते, ते सामान आवरत होते. मी नकाशासमोर उभा राहिलो. जुलैत एकदा वरून पाणी निघालं होतं ते कॅम्पपर्यंत यायला एक तास वीस मिनिटं लागली होती. म्हणजे माझ्या हाती चार चाळीसपर्यंत वेळ होता. मॅच पावणेचारला संपणार. तेव्हा सांगितलं तरी तासभर शिल्लक. त्या दिवशी वरची जमीन दुपारपासून भिजत होती आणि आता थेंबही पिणार नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

साडेतीन वाजले. हात माइककडे गेला. मला ती खांबाला लागलेली किक आठवली. छप्पन्न वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाची शेवटची पंधरा मिनिटं मी मोडणार, आणि उगाचच मोडली असं निघालं तर? मी माइक ठेवला, पेन उचललं आणि लिहिलं, पंधरा तीस, ओके.

तीन एकेचाळीसला टेबलावरचा चहाचा कप थरथरला. मला वाटलं कोणीतरी डोझर सुरू केला. सलीमभाई बाहेरून ओरडले, “वादी आली!”

“सिएरा वन, कंट्रोल. मूव्ह आउट. मूव्ह आउट नाउ. वॉटर. ओव्हर.”

काही नाही. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा देणार तेवढ्यात पलीकडे बटन दाबलं गेलं. कॉलिनचा आवाज आला नाही. समालोचकाचा घाईघाईचा आवाज आला, हजारो माणसांची गर्जना आली आणि त्या गर्जनेच्या खाली दुसरी एक गर्जना होती, ती मैदानावरची नव्हती. चार-पाच सेकंद. मग नुसती खरखर.

मी बाहेर धावलो. पांढरी वादी गेली होती. तपकिरी पाणी काठाला घासत चाललं होतं, त्यात अख्खी झाडं. समरच्या झाडाचा शेंडा तेवढा दिसत होता, तोही मी बघत असताना वाकला आणि गेला. काठावर वीस माणसं उभी होती.  मी कॅम्पचा सायरन दिला, पोलिसांना कळवलं, वेळ लिहिली, तीन सेहेचाळीस. हात आपोआप लिहीत होता, मला त्या हाताची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांच्या हेलिकॉप्टरने पिकअप शोधली. खूप खाली, खजुराच्या बागेत. कॉलिन आतच होता. क्लब चार गुणांनी जिंकला होता.

चौकशीत रजिस्टर तपासलं गेलं. साडेतीनला ओके, तीन एकेचाळीसला पाणी. अकरा मिनिटांत कोण काय करणार? सगळ्यांनी तसंच मानलं. मी गप्प बसलो. अझैबाला घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, माणूस तर परत येणार नाही, आता नोकरीही घालवू नका.

चार दिवसांनी कॉलिनची मुलगी बापाला न्यायला आली. तेहतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, नाव रुथ. तिने मला मस्कतमधल्या कुरुमच्या हॉटेलात बोलावलं. टेबलावर तिने रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स ठेवली होती. ती रडत नव्हती. साडेतीनच्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, “हे त्याचं शेवटचं बोलणं. फक्त ओके नसेल म्हणाला. तेव्हा आमचा क्लब पुढे गेला होता. त्याने तुम्हाला स्कोअर सांगितला का? खुशीत होता का?”

मला तिला काहीही सांगता आलं असतं. तिने मान्य केलं असतं आणि आयुष्यभर जपलं असतं.

मी म्हणालो, “साडेतीनला मी कॉल दिलाच नाही. ओके मी लिहिलं, तो म्हणाला नाही.” मग कारण सांगितलं, तीन वीसच्या पावसासकट. तीनला तो जे बोलला तेही शब्दशः सांगितलं. आजोबांचं ऐकल्यावर तिने डोळे मिटले.

तिच्याच पेनने मी त्या झेरॉक्सवर ओके खोडलं, ‘कॉल दिला नाही’ असं लिहून नाव, हुद्दा आणि सही टाकली. म्हणालो, हाच कागद आता पोलिसांकडे आणि कंपनीकडे नेतो. पुढे नोकरी गेली ती यातूनच गेली आणि योग्यच गेली.

रुथने कागद वाचून माझ्याकडे सरकवला. मग हळू म्हणाली, “तुम्ही कॉल दिला असता तर डॅडने तुम्हाला कधी माफ केलं नसतं.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “पण रागवायला तरी उरला असता.”