शेलार हवालदारांची चाकू-परेड

आमची इंजिनिअर्सची तुकडी आगरदांड्याला उतरली ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. अठ्ठावीस माणसं, तीन ट्रक, एक जीप आणि एकमेकींना जोडून तराफा करता येईल अशा चपट्या होड्या. खाडीत तराफा बांधायचा, त्यावर गाडी चढवायची, पलीकडे दिघीला न्यायची आणि परत आणायची, एवढंच काम. लढाईत पूल उडवलेला असला की फौज अशीच पाणी ओलांडते. नदीवर आम्ही ते शिकलो होतो. भरती-ओहोटीच्या पाण्यावर शिकायचं बाकी होतं.

मी तेव्हा लान्स नाईक होतो. आडनाव पवार, गाव माणगावपासून आत, घरी भातशेती. तुकडीत या मुलखातला आणखी एकच जण होता, सॅपर दत्तू पाटील, नागावचा. आमच्यात शिपायाला सॅपर म्हणतात. दत्तूच्या घरी नारळाची वाडी होती. तो माझ्याच भरतीचा. बोलायला लागला की थांबत नसे.

हवालदार होते रामजी शेलार. सातारा बाजूचे, चाळिशीचे. महायुद्धात ब्रह्मदेशातल्या नद्यांवर पूल बांधून आलेले. बोलणं कमी. पहिल्याच संध्याकाळी पाच वाजता त्यांनी आम्हाला जेट्टीजवळ फॉलइन केलं.

"चाकू बाहेर."

सॅपरचं निम्मं काम दोरांचं असतं, म्हणून प्रत्येकाच्या खिशात मिटता चाकू असायचा. सरकारी चाकू सगळ्यांना मिळाले नव्हते. बाकीच्यांनी आपापले घेतले होते. माझा मुंबईहून आणलेला, शिंपल्याच्या मुठीचा. आत पात्याशिवाय कात्री, बूच काढायचा स्क्रू, कानकोरणंसुद्धा. मला त्याचा फार अभिमान होता.

हवालदारांनी बादलीत खाडीचं पाणी आणि साबण कालवला. एकेकानं दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवायचे आणि न पुसता चाकू उघडायचा. मी पात्याच्या खाचेत नख घातलं. निसटलं. पुन्हा घातलं. कात्री उघडली. तिसऱ्यांदा चाकूच हातातून सुटून बादलीत पडला. माणसं हसली. हवालदार हसले नाहीत.

"छान आहे," ते म्हणाले. "घरी ठेव. लग्नात कामी येईल."

त्या दिवशी अठ्ठावीसपैकी अकरा चाकू नापास झाले. दत्तूचा जुना, काळपट चाकू पास झाला आणि त्यानं आठवडाभर मला ते ऐकवलं.

पुढच्या रविवारी मला घरी जायला सुट्टी होती. निघताना हवालदारांनी चाकू कसा बघायचा ते सांगितलं. पातं चार बोटांपेक्षा लांब नको. चमकणारं नको, साधं पोलाद घे. गंजतं, पण धार चटकन लागते. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघ. हललं तर ठेवून दे. मिटून उजेडाकडे धर, पातं मुठीत मधोमध बसलं पाहिजे, एका बाजूला घासता कामा नये. नखाची खाच खोल हवी. मूठ लाकडाची किंवा शिंगाची, ओल्या हातात फिरणार नाही अशी. मागे दोरी बांधायला कडी हवीच.

"आणि स्प्रिंग?" मी विचारलं.

"उघडताना जोर लागावा, पण दातांनी धरून उघडता आला पाहिजे."

"दातांनी कशाला?"

"दुसरा हात मोकळा असेलच असं नाही."

माणगावच्या बाजारात एका गुजराती शेठच्या दुकानात मी नऊ चाकू उघडले आणि मिटले. उजेडाकडे धरले, दातांनी ओढून पाहिले. शेठ बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "भाई, चाकू घेतोस की सून पसंत करतोस?" नववा मी घेतला. शिंगाची मूठ, एकच पातं, मागे पितळी कडी. बसमध्ये मी तो दोनदा खिशातून काढून पाहिला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. किनाऱ्यावरच्या हवेत पोलादाचा चाकू दोन दिवसांत लालसर होतो. तिसऱ्या दिवशी बिजागरीचा खिळा गंजून घट्ट होतो. म्हणून रोज संध्याकाळी पाचला चाकू-परेड. आधी विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवायचा. मुठीच्या खाचेतली घाण आगकाडीला चिंधी गुंडाळून काढायची. कोरडा करायचा. खिळ्यावर रायफलच्या तेलाचा एक थेंब टाकून दहा वेळा उघडमीट करायची. पात्याला मात्र खोबरेल, कारण त्याच पात्यानं आम्ही कांदाही कापत होतो. खोबरेल दत्तूच्या घरचं. त्याची आई महिन्याला बाटली धाडायची. शनिवारी दगडावर धार. दोन्ही बाजूंना सारखे हात, शेवटी पट्ट्याच्या चामड्यावर फिरवायचा. चाकूनं डबा फोडला किंवा स्क्रू पिळला तर कॅम्पला दोन फेऱ्या.

कोळीवाड्यातले हिरा तांडेल कधी कधी जाळं विणत बसून आमची परेड बघत. त्यांच्या मासेमारीच्या मचव्यावर सहा माणसं होती. एकदा त्यांनी माझा चाकू हातात घेऊन अंगठ्यावर धार पाहिली.

"चांगला हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं सुरी उघडीच ठेवतंव. मिटायची भानगड न्हाय."

"आणि लागली म्हणजे?"

"लागली तं लागली. दोर पायात आला तं उघडाया येल कुठं मिलतो?"

हवालदारांनी मान डोलावली. त्या दोघांचं चांगलं जमत असे.

ते तीन महिने मला सुखाचे गेले. सकाळी तराफा, दुपारी जेवायला भात आणि तांडेलांकडची मासळी, संध्याकाळी परेड. अंग दुखायचं आणि झोप गाढ लागायची. मे महिन्यात दत्तूच्या घरून फणस आला. पौर्णिमेचा दिवस होता. दुपारच्या सुट्टीत आम्ही तो जेट्टीवर फोडला, माझ्याच चाकूनं. वीसएक माणसांनी खाल्ला. मी पातं गवतावर पुसलं, मिटलं आणि खिशात टाकलं.

पाच वाजता परेडला हवालदारांनी माझा चाकू हातात घेतला. उघडेना. फणसाच्या चिकानं पातं आत चिकटलं होतं.

"पवार, हे काय?"

"उद्या सकाळी साफ करतो, हवालदारसाहेब. आज फार दमलोय."

"आत्ता."

चीक पाण्यानं जात नाही. खोबरेल सोडत, चिंधीनं पुसत, काडीनं कोरत मला पाऊण तास लागला. दत्तू समोर बसून उरलेल्या आठळ्या भाजत होता आणि गंमत बघत होता. मी मनातल्या मनात हवालदारांना बरंच काही बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौदा-वीसला आमचा तराफा जीप घेऊन आगरदांड्याहून निघाला. वर आम्ही सहा जण. पुढच्या टोकाला मी आणि दत्तू, लंगरापाशी. मध्ये जीप, तिच्या पलीकडे हवालदार आणि वायरलेस सेट घेतलेला ऑपरेटर. मागे दोघं. मोटारबोट आम्हाला ओढत होती. उधाणाची ओहोटी लागली होती आणि पाणी खाडीतून समुद्राकडे धावत होतं.

चौदा-बेचाळीसला मोटारबोटीचं इंजिन बंद पडलं. ओढायचा दोर सैल झाला, आणि बोट आमच्यावर आदळू नये म्हणून तिच्यावरच्या माणसांनी तो सोडला. तराफा फिरला आणि जंजिऱ्याच्या दिशेनं वाहायला लागला.

"लंगर!" हवालदार ओरडले.

आम्ही लंगर टाकला. दोर सरसर सुटत गेला. त्याचं एक वेटोळं उसळून दत्तूच्या पायाभोवती बसलं. त्यानं ते पाहिलं, मीही पाहिलं. तेवढ्यात खाली लंगरानं तळ धरला आणि दोर ताठ झाला. दत्तू पडला, फरफटत कडेला गेला आणि बाहेर. पोटरी दोर आणि होडीच्या कडेमध्ये अडकली. तो उलटा लोंबकळत होता, डोकं पाण्यात.

मी पालथा पडून त्याचा पट्टा पकडला आणि डाव्या हातानं त्याला वर ओढलं. त्याचं तोंड पाण्याबाहेर आलं, पुन्हा आत गेलं. ओहोटीचा जोर, जीपचं वजन, तराफ्याचं वजन, सगळं त्या एका दोरावर होतं. दोर सैल करायचा तर चार माणसांनीही झाला नसता. दोर तोडायची कुऱ्हाड मोटारबोटीत राहिली होती.

सेटवर किनाऱ्यावरून सुभेदारसाहेबांचा आवाज येत होता. "लंगर मत छोड़ना. लंगर मत छोड़ना. ओव्हर." त्यांना तिथून दत्तू दिसत नव्हता. त्यांना फक्त समुद्राकडे निघालेली जीप दिसत होती. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं.

माझा उजवा हात खिशात गेला. चाकू निघाला, दोरीनं कमरेला बांधलेला. डावा हात मोकळा नव्हता. मी खाच दातांत धरली, मूठ खाली ओढली. पातं उघडलं. एकदाच ओढावं लागलं.

मी हवालदारांकडे पाहिलं. दोर कापला तर तराफा सुटणार होता, सहा माणसं आणि जीप घेऊन. लान्स नाईकाचा तो अधिकार नव्हता.

"काप, पवार," ते म्हणाले. "जबाबदारी माझी."

मी पातं दत्तूच्या पायाच्या खाली, लंगराच्या बाजूला लावलं आणि बाहेरच्या दिशेनं ओढलं. ताठलेला दोर तीन ओढींत तुटला. टोक माझ्या कानाशेजारून गेलं. दत्तूला मी आणि हवालदारांनी वर घेतलं. त्यानं बरंच पाणी ओकलं. मग पायाकडे बघून म्हणाला, "आईला कळवू नका."

तराफा सुटला होता. हवालदारांनी जीपच्या चाकांखाली आणखी ओंडके ठोकले, सगळ्यांना वल्ही दिली आणि सेट स्वतः हातात घेतला.

"लंगर काटा है. मेरे हुकुम से. एक आदमी घायल. ओव्हर."



पंधरा-पाचच्या सुमाराला शीड दिसलं. हिरा तांडेलांचा मचवा पश्चिमेच्या वाऱ्यावर मासळी घेऊन परत येत होता. त्यांनी आमचा रस्सा घेतला. सरळ ओढायचा प्रयत्न त्यांनी केलाच नाही. तिरकं तिरकं काढत त्यांनी आम्हाला धारेबाहेर नेलं आणि पंधरा-पस्तीसला दिघीच्या बाजूच्या चिखलात बसवलं. जीपला ओरखडा नव्हता.

"लंगर उद्या काढून देतू," तांडेल म्हणाले. "जागा ठाव हाय मना." आणि सुकतीच्या, म्हणजे पाणी पुरतं ओसरल्याच्या वेळेला त्यांनी तो खरोखरच काढून दिला.

चौकशी झाली. लेफ्टनंटसाहेबांनी विचारलं, "किसने काटा?" मी एक पाऊल पुढे टाकलं. हवालदार माझ्याआधी बोलले. "हुकुम मेरा था, साहब." साहेबांनी लिहून घेतलं, आणि त्याखाली काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. पण शिक्षा कुणालाच झाली नाही, आणि पुढे प्रत्येक लंगरापाशी एक कुऱ्हाड बांधलेली असे.

दत्तूचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. पाय वाचला, नोकरी गेली. तो नागावला परतला. लंगडत का होईना, वाडी बघतो, लग्न केलं, तीन मुलं आहेत. बोलणं तसंच.

शेलार हवालदारांचं आता सांगतो. पुढे काही वर्षांनी आमची तुकडी उत्तरेच्या सीमेवर होती. थंडी अशी की खोबरेल बाटलीत दगड व्हायचं. तिथं ते म्हणाले, "इथं नुसतं रायफलचं तेल, तेही अगदी थोडं." एवढ्या वर्षांत त्यांनी एकही परेड चुकवली नव्हती. एका सकाळी सव्वासातला नाल्यावरच्या पुलाचं शेवटचं तुळवट बसवताना पलीकडच्या डोंगरावरून तोफेचे गोळे आले. हवालदारांनी माणसांना मागे घेतलं. स्वतः शेवटी निघाले. तिसरा गोळा पुलाच्या तोंडाशी पडला. हवालदार रामजी शेलार आणि सॅपर केशव मोरे जागीच गेले. मोरे त्यांच्या चार पावलं पुढे होता. मी दुसऱ्या काठावर होतो. पूल उभा राहिला आणि आठ वाजता त्यावरून फौज गेली.

सुट्टी मिळाल्यावर मी दत्तूला बरोबर घेतलं आणि साताऱ्याकडच्या हवालदारांच्या गावी गेलो. वहिनी आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची थोरली लेक ओटीवर बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "ते घरी कामाचं कधी बोलले नाहीत. सुट्टीवर आले की शेतात जायचे. तुम्ही सांगा, तिकडं कसे होते?"

मी सांगायला सुरुवात केली. मध्येच दत्तूनं माझ्याकडून घेतलं आणि तोच सांगत बसला, बादलीपासून. लेक पहिल्यांदा हसली ती फणसाच्या चिकावर. वहिनींनीही पदर तोंडाला लावला. मग दत्तूनं "काप, पवार, जबाबदारी माझी" हे हवालदारांच्याच आवाजात म्हणून दाखवलं, अगदी हुबेहूब, आणि वहिनींनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

त्या म्हणाल्या, "परत म्हणा."

दत्तूनं परत म्हटलं.