राजा नसलेलं नाणं

आमच्या घाटकोपरच्या घरात इंग्रजांचं राज्य अजून संपलेलं नाही, असं बायको म्हणते. कपाटाच्या वरच्या खणात राजा-राण्यांचे चांदीचे रुपये असतात आणि त्यांच्या दिमतीला मी. कुणी जुनं नाणं घासूनपुसून चकचकीत केलं की माझं डोकं सटकतं, मग समोर नाणेविक्रेता असो नाहीतर सख्खा मेहुणा.

माझ्या अल्बममधला एक कप्पा वीस वर्षं रिकामा होता. इंग्रजांनी आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडून चीनकडच्या व्यापारासाठी बोटींनी धाडलेला चांदीचा डॉलर मला हवा होता. तो एका रविवारी मासळीबाजारात समोर आला.

माहुलहून येणाऱ्या आमच्या नेहमीच्या कोळीणमावशीने पापलेटं कापता कापता हात पुसले आणि कमरेची पिशवी सोडली.

"भाऊ, तू नाणी जमवतोस ना? बघ, हे खोटं हाय काय?"

त्रिशूळ घेऊन उभी असलेली बाई, तिच्यामागे जहाज, उलट्या बाजूला चिनी अक्षरं. तोच डॉलर! फक्त अंगभर बारीक ठोकल्याच्या खुणा होत्या.

"सासऱ्याच्या बापानं बोटीवरनं आणलेलं. नारळी पुनवेला आम्ही नारळाबरोबर पुजायचो. आता धाकटा दीर बोलतो, याच्यावर राजा नाय, वरनं सगळं ठोकलेलं, खोटंच असणार. दोन वर्षं झाली, पाटावर ठेवू देत नाय. तुला पायजे तर ठेव."

खोटं कशाला बोलू, माझी मूठ नाण्यावर मिटली होती. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. पण मावशी माझ्या मुठीकडे अशी बघत होती, की मला माझीच लाज वाटली.

"मावशी, एकदम खरं आहे. चीनला जायच्या या डॉलरवर राजा नसायचाच. तिकडचे व्यापारी चांदी पारखून घ्यायचे आणि खरी निघाली की आपला छाप ठोकायचे. जितके छाप, तितक्या जणांनी ते खरं मानलं."

नाणं परत घेऊन खवले चिकटलेल्या अंगठ्याने ती एकेक खूण चाचपत राहिली. मग म्हणाली, "हे माझ्या दिराला येऊन सांगशील?"

नारळी पौर्णिमेला मी बायकोसह माहुलला गेलो. दिराने नाणं माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "काय साहेब, नक्की ना?" दारातल्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "शंभर टक्के खरं!" आणि सगळी हकिगत पुन्हा सांगितली. तो ओशाळून हसला. त्याने स्वतःच नाणं नारळाशेजारी पाटावर ठेवलं.

कप्पा अजून रिकामाच आहे आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. त्या दिवशी मावशीने नारळीभाताची ताटली माझ्या हातात दिली आणि पाटाकडे बघत म्हणाली, "आता तुझा पण छाप लागला त्याच्यावर."