दुसरी टिचकी

मूर्खपणा सांगायचाच तर आडवळणं घेत कशाला सांगा! एका बाईच्या परीक्षेच्या पाठाला मी वर्गात मागच्या बाकावर बसले होते, मांडीवर खडूंचा पत्र्याचा डबा होता, आणि ती शिकवत असताना मी त्या डब्यावर टिचकी मारली. एकदा मारून थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते. पण थांबेन तर ती मी कसली!

ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला वयनी म्हणायची. सगळं घरच म्हणायचं. पण तिला आयुष्यात एकदा तरी कुणीतरी 'बाई' म्हणून हाक मारावी असं वाटत होतं. शाळेतली पोरं मारतात तशी, उठून उभं राहून. तेवढीच तिची इच्छा, आणि मी ती डब्यावर वाजवून घालवली.

तेव्हाची मी तुम्ही पाहायला हवी होती. माहेर डिचोलीजवळचं सर्वण, शिक्षण बेळगावला मामाकडे राहून, इंग्रजी घेऊन मॅट्रिक. गोवा मुक्त झाला आणि गावोगावी शाळा अळंब्यांसारख्या उगवल्या. शिकवायला माणसं मिळेनात. मी लग्न होऊन पेडण्याला आले ती जणू शाळेच्या कमिटीनेच मला मागणी घातल्यासारखी. हळद उतरायच्या आत हातात खडू! काखेत पर्स, अंबाड्यात लाल-निळी पेन्सिल खोचलेली, आणि मान अशी ताठ की वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तरी आधी नाक दिसे, मागून मी. नवरा पणजीला नोकरीत, शनिवारी यायचा. त्याच्याही बोलण्यातलं इंग्रजी मी सुधारायची. तो बिचारा रविवारी संध्याकाळीच परतीची बस धरायचा.

वयनीचं नेमकं उलटं. तिच्या वडिलांनी तिला पोर्तुगीज शाळेत घातलेलं. हिंदू घरातली मुलगी, त्या काळात, म्हणजे केवढं कौतुक! पोर्तुगीज तिला लिहिता-वाचता छान यायचं. सासरी आली, थोड्याच वर्षांत भावोजी गेले, पदरात मूल नाही. मग मुक्ती आली. सगळ्यांबरोबर तीही अंगणात येऊन हसली, रडली. पण तिची शाळेतली भाषा मात्र एका दिवसात अडगळीत गेली. मराठी तिला पोथी वाचण्यापुरती येई. एकदा तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, "कालपर्यंत माका वाचूक येय गो. आज बघ, अंगठेबहाद्दर झालंय."

मी हसले. तीही हसली. मला वाटलं, विनोदच केला तिने.

मग शाळेला खालच्या वर्गांसाठी इंग्रजीची आणखी एक बाई हवी झाली. कमिटीतल्या कुणीतरी सांगितलं की गावातलीच कुणी असेल तर तिचा एक पाठ बघू, जमला तर ठेवू. त्या रात्री जेवणं झाल्यावर वयनीने मला विचारलं, "माका शिकवशी? माका शाळेत बाई होऊचा असा."

सासऱ्यांची परवानगी मीच काढली. ते सुपारी चघळत म्हणाले, "एकदाच. झाला तर झाला, नाय तर चूल असाच." एकदाच. हे तिनेही ऐकलं आणि मीही.

आमचा वर्ग दुपारचा, मागच्या पडवीत, भांडी पालथी घातल्यावर. ती बोलायची आणि मी पितळेचा तांब्या पुढ्यात घेऊन बसायची. चुकली की तांब्यावर टिचकी. टण्ण! ती थांबे, जमिनीकडे बघे, वाक्य दुरुस्त करे, पुढे जाई. ही पद्धत माझीच, आणि मला तिचा काय अभिमान! तोंडाने चूक सांगायला नको, माणसाने स्वतः शोधावी. तिला शब्द पटापट येत, कारण निम्मे शब्द पोर्तुगीजचे मावसभाऊच. चुका म्हणाल तर दोनच जातीच्या.

पहिली जागेची. पोर्तुगीजमध्ये घराला मोठं म्हणायचं तर आधी घर, मग मोठं. आपल्या मराठीत उलट, आधी सगळी वरात आणि मग नवरा: काल सावंतवाडीहून आलेली, लाल लुगड्यातली, उंच बाई. शिवाय मराठीत शब्द इकडचा तिकडे झाला तरी बिघडत नाही, त्याच्या शेपटीला ला, ने, ची असं काहीतरी असतं, त्यावरून तो कुणाचा ते कळतं. इंग्रजीत ती शेपटी नाही. मी तिला म्हणाले, "वयनी, तिथे जो शब्द ज्याच्या शेजारी बसला, तो त्याचा झाला."

"म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखा," ती म्हणाली. "जेच्या कुशीक बसलो तेचो पावणो."

समजलं तर होतं. तरी बोलताना गाडी घसरायची. विहिरीवर जाताना तिला माकड दिसलं, तर ती म्हणे, 'आय सॉ अ मंकी गोइंग टु द वेल.' टण्ण! "वयनी, तुमच्या वाक्यात विहिरीवर माकड चाललंय."

"जाऊंदे गो बापडा. माजो एक फेरो वाचलो."

दुसरी चूक ओळीची. एका वाक्यात तीन गोष्टी सांगायच्या तर तिघींचं लुगडं एकाच काठाचं हवं, हे तिला सुचेना. 'शी लाइक्स रीडिंग, टु सिंग अँड फ्लॉवर्स.' टण्ण! मी नियम सांगून सांगून दमले. मग चवथ जवळ आली आणि वयनी गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी बांधायला बसली. लाकडी चौकट, तिला रानातली फळं, फुलं, घोस बांधायचे. एका अंगाला सुपारीचा घोस लावला, तशी दुसऱ्या अंगाला तिने तसाच घोस लावला, आणि हात वरच ठेवून मला म्हणाली, "अगो, तुजी ती ओळ म्हणजे ह्याच मा? घोसाक घोस?" मी म्हटलं, "ह्याच!" त्यानंतर ती चूक फार कमी झाली. कमी झाली, गेली म्हणत नाही.

आता जे सांगायला जीभ जड होते ते सांगते. तिच्या ह्या गमती मी शाळेत मधल्या सुट्टीत हेडमास्तरांसकट सगळ्या मास्तर लोकांना सांगायची. माकड विहिरीवर गेल्याची गोष्ट तर हातवारे करून. सगळे हसायचे, आणि मला वाटायचं, बघा माझं इंग्रजी किती पक्कं! आपण ज्यांना हसवतोय त्यांतले हेडमास्तरच उद्या खुर्ची टाकून तिचा पाठ बघायला बसणार आहेत, हे माझ्या त्या पेन्सिल खोचलेल्या डोक्यात आलं नाही.

चवथ उलटल्यावर पाठ ठरला. वयनी ठेवणीतलं फिकट निळं लुगडं नेसली. कमिटीची माणसं भिंतीशी, हेडमास्तर खिडकीपाशी, मी मागच्या बाकावर. मी तिच्याकडून गाईवरचा पाठ घोटून घेतला होता. गाईला चार पाय असतात, इत्यादी. तिने फळ्याकडे पाठ केली, पोरांकडे पाहिलं, आणि गाय सोडून दिली.

ती पदेराबद्दल बोलायला लागली. पाववाला पदेर तेव्हा नुकताच आमच्या वाड्यावर यायला लागला होता. डोक्यावर टोपली, हातात खुळखुळणारी काठी. जुन्या माणसांना तो ख्रिस्ती भट्टीतला पाव घरात चालत नसे. आमच्याकडे पोरं उंडा, म्हणजे तो गोल पाव, बाहेर पायरीवर बसून खायची आणि हात धुऊनच आत यायची. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांच्या घरी हाच प्रकार. वयनीने फळ्याजवळची काठी उचलली, जमिनीवर आपटून तोंडाने खुळखुळ केलं, आणि पोरं पुढे सरकली. मी तो वर्ग रोज शिकवत होते. माझ्यासाठी ती पोरं कधी पुढे सरकली नव्हती.

"द मॅन कम्स विथ अ बास्केट ऑन हिज हेड फुल ऑफ ब्रेड," ती म्हणाली.

पाव टोपलीत असायचे ते डोक्यात गेले. आणि माझ्या बोटाने, माझी शपथ, माझ्या बोटाने आपणहून डब्यावर टिचकी मारली. टण्ण.

वयनी थांबली. जमिनीकडे बघितलं. घरी करायची तस्सं. मग पाव डोक्यातून काढून टोपलीत ठेवले आणि वाक्य नीट म्हटलं. काही बिघडलं नव्हतं. पोरांना वाटलं, खेळातलाच आवाज असेल.

पण हेडमास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते हसले आणि त्यांनी मान डोलावली. जणू म्हणाले, वा, काय कान आहे! मी ताठ बसले. बाकावर मला जागा पुरेना.

वयनी पुढे गेली होती. काठी आपटत होती, पदेरासारखं ओरडत होती, पोरं तिच्यामागून ओरडत होती. त्या भरात तिची ओळ मोडली: "ही रिंग्ज द स्टिक, शाउटिंग, अँड टु गिव्ह ब्रेड." घोसाशेजारी फूल, फुलाशेजारी भोपळा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. कमिटीच्या लोकांच्या तर नाहीच, त्यांना स्वतःलाच इंग्रजी येत नव्हतं. खिडकीतले हेडमास्तर मात्र ऐकत होते.

मी डबा वाजवला. जरा मोठ्यानेच.

ह्या वेळी पोरांनी वळून बघितलं. त्यांना कळलं की बाई चुकली की मागची बाई डबा वाजवते. एकाने पाटीवर टिचकी मारली. दुसऱ्याने मारली. मग सगळ्या वर्गाने. वयनीने तोंड उघडलं की टकटक, शब्द बाहेर पडायच्या आत टकटक. हेडमास्तर ओरडले तेव्हा वर्ग गप्प झाला, पण तोवर तीही गप्प झाली होती. तिने काठी होती तिथे नीट टेकवून ठेवली, मराठीत म्हणाली, "पुरे आता," आणि खाली उतरली.

जागा सावंतवाडीकडून आलेल्या एका बाईंना मिळाली. त्यांचे शब्द वाटेल त्याच्या शेजारी बसत. माकडं रोज विहिरीवर जात. त्यांची पोरं मजेत पास होत राहिली.

घरी परतताना वयनी पुढे, मी मागे. मी म्हटलं, "वयनी, आणखी एका शाळेत जागा निघणार आहे म्हणे."

ती म्हणाली, "भाताक आधण ठेवूचा असा."

सासऱ्यांनी तिला अंगणात शिरताना पाहिलं. तिच्या चालीवरूनच त्यांना कळलं असावं. त्यानंतर तिने इंग्रजीचा एक शब्द काढला नाही. पदेर आला की ती पायरीवर जाई, त्याच्याशी कोंकणीत हुज्जत घाली, पोरांना उंडे वाटी. पुढच्या चवथीला माटोळी तिनेच बांधली, घोसाक घोस. मी खाली उभी राहून एकेक वस्तू हातात देत होते. मी मनाशी म्हणत होते, चूक ती चूकच, कुणीतरी दाखवायलाच हवी. हे मी इतकी वर्षं म्हटलं की मला ते खरं वाटायला लागलं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या भाषणात मी तांब्याच्या टिचकीची पद्धतसुद्धा सांगितली. टाळ्या पडल्या. वयनी पहिल्या रांगेत बसली होती.

मग माझी नात मोठी झाली. पणजीला शाळेत जायची, सुट्टीला आमच्याकडे यायची. एका दुपारी इंग्रजीचा अभ्यास घेऊन पडवीत बसली होती. कुठला शब्द कुणाशेजारी बसवायचा, तेच. मी आरामखुर्चीत, हाताशी पाण्याचा स्टीलचा गडवा. वयनी पलीकडे आडकित्त्याने सुपारी कातरत होती, तिला तेव्हा धड दिसतही नव्हतं. पोर चुकली आणि माझं बोट गेलं. टण्ण.

आडकित्ता थांबला.

"चुनो हाड गो आतसून," वयनी नातीला म्हणाली. पोर आत गेली. मग वयनीने मला एक गोष्ट विचारली, रागाने नाही, कुणी मिठाचं प्रमाण विचारावं तशी. उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी ते दिलं नाही. तेवढ्यात पोर चुना घेऊन आली आणि मी सुटले. पुढे वयनी गेली, आणि सुटले होते ती पुन्हा अडकले ती कायमची. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, एकही जागचा हलवत नाही:

"पयली टिचकी सवयीची, ती मी तेव्हाच सोडलंय. दुसरी कोणाक आयकवूक मारलंस, तेवढा सांग माका."